दाढेतले चार हिवाळे

माझ्या मुलीला थुंकण्याची नोकरी लागली, तेव्हा मी आठ दिवस गावात कुणाला सांगितलं नाही.

नोकरी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत होती. वाइनचा घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर घोळवायचा, वास, आंबटपणा, तुरटपणा यांना गुण द्यायचे आणि मग समोरच्या स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकायचा. शाल्मलीने चार वर्षं याचंच शिक्षण घेतलं होतं. नाक तिचं लहानपणापासून तिखट. कुठलं दूध संध्याकाळपर्यंत नासणार हे ती सकाळी वासावरून सांगायची आणि तिचं कधी चुकायचं नाही. कॉलेजात एकवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांना अल्कोहोल काढून टाकलेले नमुने चाखायला देत, आणि त्या पांचट पाण्यावरसुद्धा तिने पहिला नंबर काढला होता.

अडचण होती ती माझी. मी कुंदा बोरस्ते. निफाड तालुक्यातल्या कारंजवाडीच्या शाळेत एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. पण लोक मला ओळखतात ते बाटली आडवी करणारी बाई म्हणून. दोन हजार एकोणीस साली गावातल्या बायकांचं मतदान झालं, उभी बाटली की आडवी बाटली, आणि माझ्या मागे लागण्यामुळे बाटली आडवी झाली. देशीचं दुकान बंद पडलं. तेव्हापासून दारूबंदी समितीची अध्यक्ष मीच. आता अशा बाईची मुलगी वाइन चाखणार म्हटल्यावर लोक मला काय सोडणार होते?

"आई, मी पिणार नाहीये. थुंकणार आहे," शाल्मली म्हणायची.

"तेच सांगायचं का मी लोकांना? की बाई, माझी मुलगी थुंकायचा पगार घेते?"

तिला हसू यायचं. मग मलाही यायचं. नोकरीला मी शेवटी हो म्हटलं ते एका अटीवर, परवाना आधी आणि घोट नंतर. आणि परवान्यासाठी दाढ तपासावी लागते.

दाढेचा कायदा कसा आला ते सांगायला हवं, कारण त्यात माझाही हात आहे. दारू कुठल्या वयापासून पिऊ द्यावी हा वाद माझ्या तरुणपणापासून चालू होता. एक बाजू म्हणायची, अठराव्या वर्षी मत देता येतं, मग ग्लास का नाही? दुसरी म्हणायची, मेंदूचा लगाम धरणारा भाग पंचविशीपर्यंत तयारच होत नाही, तोवर दारू कशाला? दोन्ही बाजू टीव्हीवर भांडत आणि पोरं दुसऱ्याच्या ओळखपत्रावर बिअर आणत. वय लिहिलेलं असतं कागदावर, आणि कागद काय, कुणाचाही खिशात घालता येतो.

मग दाढयंत्र आलं. आठवीच्या वर्गाला मी ते असं समजावते. हाडं आयुष्यभर झिजतात आणि नव्याने भरतात, पण दाताचा आतला गाभा एकदा बनला की बनला. तो रोज एक पातळ थर चढवत वाढतो, झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं चढतं तसा. आता, पोटात गेलेल्या अल्कोहोलचा बहुतेक भाग शरीर जाळून टाकतं, पण अगदी थोडा भाग रक्तातल्या चरबीला चिकटून एक वेगळाच पदार्थ तयार होतो. त्या दिवशी दाताचा जो थर बनत असेल त्यात तो कायमचा गाडला जातो. पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमाराला बनायला लागते आणि तिचं मूळ नवव्या-दहाव्या वर्षी पुरं होतं. तिथून पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अक्कलदाढ बनत असते. म्हणजे या दोन दाढा मिळून माणसाची एकवीस वर्षांची रोजनिशी होते. यंत्राचा चिमटा तोंडात दीड मिनिट धरला की ते बारीक क्ष-किरणांनी थर मोजतं आणि कुठल्या थरात तो पदार्थ आहे ते वाचतं.

कायदा मग सोपा झाला. दाढ कोरी निघाली तर 'अ' वर्ग, एकविसाव्या वर्षी परवाना. डाग निघाला तर 'ब' वर्ग, तिशीपर्यंत थांबा. हॉटेलात, वायनरीत, बारमध्ये काम करायचं तरी हाच नियम. पोरांचं चोरून पिणं दोन वर्षांत निम्म्यावर आलं हे मी स्वतः पाहिलं. लग्न जमवतानाही लोक दाढेचा वर्ग विचारायला लागले तेव्हा मला थोडं विचित्र वाटलं, पण मी गप्प बसले.

कायद्याचा मसुदा फिरत होता तेव्हा नाशिकला सुनावणी झाली होती. अगदी लहान वयातले डाग निघाले तर काय, असा प्रश्न आला. ठरलं असं, की देणाऱ्या पालकाने स्वतः येऊन लेखी कबुली दिली तर मुलाचा डाग माफ. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "नुसती कबुली नको. पालकांची नावं गावात फळ्यावर लावा, वर्षभर. लाज वाटली पाहिजे." टाळ्या पडल्या. ते कलम जसंच्या तसं कायद्यात आलं.

आमच्या पंचायतीच्या भिंतीवरचा तो फळा मीच लिहिते. माझं अक्षर चांगलं आहे. दर महिन्याला ओल्या फडक्याने पुसून नव्याने लिहायचा. दोन रकाने, 'नाव' आणि 'काय पाजले'. कारंजवाडीच्या फळ्यावर त्या हिवाळ्यात एकच नाव होतं. अलका गांगुर्डे, देशी दारू.

अलका द्राक्षबागांत छाटणीला जाते. तिच्या थोरल्याला नाशिकच्या एका हॉटेलात वाढप्याचं काम मिळत होतं आणि त्याच्या दाढेत तिसऱ्या वर्षाचे डाग निघाले. ती त्याच दिवशी माझ्याकडे आली. आढेवेढे नाहीत, रडणं नाही.

"मीच दिली, बाई. झाकणभर. बागंत गार वाऱ्यात पोर झोपत नव्हतं. त्याला बांधावर निजवल्याबिगर हात चालत नव्हता अन् मुकादम वरडायचा. लिवा माझं नाव."

मी तिला अर्धा तास ऐकवलं. मेंदू, यकृत, सगळं. मी नाव लिहीत असताना ती मागे उभी होती. म्हणाली, "बाई, का दिली ते बी लिवा की."

"कारणं ढीगभर असतात, अलका. फळ्यावर तेवढी जागा नाही," मी म्हणाले. आणि मला ते उत्तर फार चोख वाटलं होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी शाल्मलीला घेऊन नाशिकच्या परवाना केंद्रात गेले. काळजी कसलीच नव्हती. बाहेर बाकावर बसून मी डब्यातली थालीपीठंसुद्धा खाल्ली. पोरगी बाहेर आली ती हातात चिठ्ठी घेऊन, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

चिठ्ठीवर एवढंच होतं. 'डाग आढळला. वर्ग ब.'

"यंत्र चुकलंय," ती म्हणाली.

खिडकीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं की दोनदा तपासलं आहे. कुठल्या वयातला डाग ते दीर्घ अहवालात येईल, त्याला तीन-साडेतीन आठवडे लागतील.

 घरी स्वयंपाकघरात आल्यावर मला राहवलं नाही.

"हॉस्टेलवर घेतलीस का?"

"नाही."

"वाढदिवसाला? कुणी आग्रह केला असेल. एखाद वेळेस होतं, शाल्मली. पण खोटं बोलू नकोस."

"आई, मी थेंब घेतलेला नाही."

"यंत्र खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." हे वाक्य मी शाळेत, सभेत, सगळीकडे वापरते. ते तिच्यावरही वापरलं.

तिने माझ्याकडे बघितलं, हातातला पेला ओट्यावर ठेवला आणि खोलीत गेली. त्यानंतर ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती कामापुरतं बोलायची. जेवायला वाढू का, हो. बाहेर जातेस का, हो. वायनरीने एक फेब्रुवारीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून कळवलं होतं, पुढे हंगाम सुरू होतो, त्यांनाही माणूस लागणारच. ती रोज एकदा त्यांचं पत्र उघडून बघायची आणि बंद करायची. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मध्ये पडायचा प्रयत्न केला. "कुंदा, पोरगी खोटं बोलणारी नाही," ते म्हणाले. मी त्यांनाही सोडलं नाही. माझ्या छातीत काहीतरी सारखं टोचत होतं आणि मी त्याला तत्त्व म्हणत होते.

पाच जानेवारीला दीर्घ अहवाल आला. शाल्मली अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तो टॅबवर उघडला. घरात असला आलेख वाचता येणारी मीच होते.

आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर त्या पदार्थाचं प्रमाण. अक्कलदाढेची पट्टी संपूर्ण सपाट. नऊ ते एकवीस, एक थेंब नाही. हॉस्टेल नाही, वाढदिवस नाही. पोरगी अक्षरशः खरं बोलत होती. मी बोट मागे नेत पहिल्या दाढेच्या पट्टीवर आले. तिथे चार बारीक टेकड्या होत्या. यंत्राने त्यांच्याखाली महिनेही दिले होते. जानेवारी दोन हजार एकवीस. त्याच वर्षीचा डिसेंबर. जानेवारी तेवीस. डिसेंबर तेवीस.

चारही हिवाळे. पोर अडीच ते साडेपाच वर्षांची.

मी टॅब पालथा ठेवला. मला ती बाटली दिसली. औषधांच्या डब्यात, थर्मामीटरशेजारी, चपटी, तपकिरी. तिच्यावर मी माझ्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'शाल्मली, खोकला'.

निफाडची थंडी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. बागा वाचवायला लोक पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या दिवसांत शाल्मलीची छाती भरायची, घरघर वाजायची. आणि तो पहिला जानेवारी तर साथीतला. मूल खोकलं तर शेजारी दार लावून घेत होते, दवाखान्याच्या दारात माणसं भिऊन उभी असत. स्टाफरूममधल्या एक बाई म्हणाल्या, चहाचा चमचाभर ब्रँडी मधातून दे, आम्ही सगळेच देतो. गावातलं दुकान तर मीच बंद केलेलं. म्हणून हे नाशिकला जाऊन बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. पोर झोपली. मग दर हिवाळ्यात देत गेले.

खोकला ब्रँडीने बरा होत नाही, मूल नुसतं गुंगीत जातं. हे मला तेव्हाही कळायला हवं होतं, विज्ञानाची शिक्षिका मी. पण मी तिला दारू मानलंच नव्हतं. ती औषधाच्या डब्यात होती ना! त्याच चार वर्षांत मी निदान वीस सभांतून सांगितलं असेल, आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही. मी खोटं बोलत होते असंही नाही. मला ते खरंच वाटत होतं, आणि त्या क्षणी मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटली.

संध्याकाळी मी दोघांना समोर बसवून सांगितलं. 

"एक मार्ग आहे," हे म्हणाले. "कायद्यात सोय आहे. देणारं माणूस हयात नसेल तर घरच्यांचं प्रतिज्ञापत्र चालतं. फळाबिळा काही नाही. आईच्या नावावर घाल. ती जाऊन नऊ वर्षं झाली, तिला आता काय होणार आहे? पोरीचं काम होईल. तुझी समिती राहील."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. चांगला दोन मिनिटं झाला. डोळ्यांसमोर फळा आला, आणि अलका, आणि सुनावणीत मला पडलेल्या टाळ्या. पण सासूबाईही आल्या. त्या तव्यावर ओवा गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधायच्या आणि पोरीची छाती शेकायच्या. ब्रँडीची बाटली पाहून म्हणाल्या होत्या, "कुंदा, हे नको गं." आणि मी त्यांना अडाणी ठरवलं होतं.

 शाल्मली माझ्याकडे बघत होती. नोकरीचं जे व्हायचं ते दोन्ही मार्गांनी होणारच होतं. तिला बघायचं होतं ते वेगळंच.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी ओवा दिला. ब्रँडी मी दिली."

मग मी तिच्याकडे वळले. "चुकलं माझं. बाटलीचं तर चुकलंच. पण महिनाभर तुला खोटारडी ठरवलं ते त्याहून चुकलं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही."

तिचे डोळे भरून आले, पण बोलली ती तिच्याच तऱ्हेने. "किती द्यायचीस?"

"चहाचा एक चमचा. मधात."

"मी तोंड वाकडं करायचे?"

"नाही. चमचा चाटायचीस."

"म्हणजे," ती नाक ओढत म्हणाली, "आयुष्यातला पहिला नमुना मी थुंकला नाही."

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो. हे चहा करायला उठले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात कबुलीचा अर्ज भरला. खिडकीतल्या माणसाने माझं नाव वाचलं, मान वर केली, पुन्हा वाचलं. "बाई, तुम्हीच ना त्या कलमाच्या..." तो म्हणाला. "मीच," मी म्हणाले. त्याने शिक्का मारला. आठ दिवसांत शाल्मलीचा परवाना आला, वर्ग 'अ'. समितीचं अध्यक्षपद मी लगेच सोडलं. फळा मात्र महिन्याअखेरपर्यंत माझ्याकडेच होता.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. मी सकाळी सातलाच पंचायतीत गेले. थंडी मरणाची होती. शाल्मली पाण्याची बादली घेऊन बरोबर आली होती. मी फळा पुसला, वाळू दिला. वरच्या ओळीत लिहिलं, अलका गांगुर्डे, देशी दारू. खालच्या ओळीत सवयीने हात 'सौ.' लिहून गेला. वर बघितलं. अलकाला मी सौ. लिहिलेलं नव्हतं. बोटाने पुसलं आणि लिहिलं, कुंदा बोरस्ते.

पुढच्या रकान्यात 'औषध' लिहायला हात शिवशिवला. मग वाटलं, 'ब्रँडी' लिहावं, शब्द जरा बरा दिसतो. मी 'दारू' लिहिलं.

"बाई, इतक्या सकाळी?" मागून आवाज आला. अलका होती. डोक्याला स्कार्फ, हातात छाटणीची कात्री, बागेकडे निघालेली. तिने फळा वाचला. पुन्हा वाचला. मग शाल्मलीकडे बघितलं.

"हिला?"

"हो. खोकल्यासाठी. चार हिवाळे."

मी तयार होते. ती बोलली असती ते मला ऐकायचंच होतं, अर्धा तास तर माझ्याकडे तिचा बाकीच होता. पण ती नुसती "अगं बया" म्हणाली आणि हातातली कात्री या हातातून त्या हातात घेतली.

"लै भ्याल्या व्हत्या का, बाई?"

 त्या वर्षांबद्दल हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी मान डोलावली. मग खडू उचलला, फळ्याच्या उजव्या कडेला उरलेल्या वीतभर जागेत एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'कारण'. जागा होती. आधीही होतीच.

"सांग," मी म्हणाले. "त्या दिवशी सांगितलंस तेच. मी तुझ्या शब्दांत लिहिते."

ती जरा लाजली. शाल्मलीने बादली खाली ठेवली. अलका एकेक शब्द सांगत गेली आणि मी अगदी बारीक अक्षरात लिहीत गेले, 'गार वाऱ्यात पोर झोपत नव्हतं. मुकादम ओरडायचा.'

"आता तुमचं लिवा," अलका म्हणाली.

मी खालच्या ओळीवर खडू टेकवला. साथ, घरघर, बंद दारं, सगळं मनात आलं. मग वरची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि तिच्याखाली, माझ्या नावापुढे लिहिलं, 'तेच'.